जाऊन या

जपानमधल्या कावागोए शहराच्या जुन्या पेठेत एक लाकडी घंटामनोरा आहे. त्याचं नाव ‘तोकि नो काने’, म्हणजे वेळेची घंटा. 1893 च्या मोठ्या आगीत शहराचा बराच भाग जळाला, त्यात मनोराही गेला. आज उभा आहे तो त्यानंतर बांधलेला. घंटा दिवसातून चार वेळा वाजते: सकाळी सहा, दुपारी बारा, तीन आणि संध्याकाळी सहा. वारा आमच्या बाजूला असला की सहाची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते, आणि त्या वेळी मी कुकरचं झाकण उघडून भात उकरत असते. तांदूळ रात्रीच धुतलेले असतात, पाणी मोजलेलं असतं, वेळ लावलेली असते. मिरजेत तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात. माझी आई गाढ झोपेत असते आणि तिला काही विचारायचं असलं तरी विचारता येत नाही. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिली काही वर्षं या अडीचाचं मला फार वाटायचं. सकाळी सल्ल्याची गरज सगळ्यात जास्त असते, आणि नेमका तेव्हाच आपला देश झोपलेला.

घरात पाच माणसं. नवरा, सासूबाई, सहावीतली थोरली, पहिलीतला धाकटा आणि मी. नवरा पावणेसातला बाहेर पडतो. इकेबुकुरोला जाणारी गाडी त्याला गाठायची असते. जळाऊ कचऱ्याचे दिवस आठवड्यातून दोन. त्या दिवशी ऑफिसच्या बॅगेबरोबर त्याच्या हातात कचऱ्याची पिशवी असते. कोपऱ्यावर ती ठेवून वर हिरवी जाळी नीट ओढायची, नाहीतर कावळे फाडतात. सासूबाई साडेसहाला रेडिओ लावतात. रेडिओवरचा व्यायाम 1928 मध्ये सुरू झाला आणि त्याचा पियानो त्यांना लहानपणापासून पाठ आहे. हात वर, हात खाली, मान डावीकडे. वॉशिंग मशीन धडधडत असतं, बाल्कनीत कालचे कपडे असतात, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात मोठ्या आकड्यांत घड्याळ दिसत असतं. इथल्या सकाळच्या कार्यक्रमांत वेळ सतत पडद्यावर असते. बातम्या कोणी बघत नाही, सगळे कोपरा बघतात.

शेजारच्या पुष्कळ घरांत सकाळी टोस्ट असतो. आमच्याकडे सासूबाईंमुळे भात, मिसोचं सूप, अंड्याची गुंडाळी आणि नात्तो. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन, ढवळले की तार सुटते. मला चार वर्षं तो घशाखाली उतरला नाही. धाकटा पहिल्या दातापासून खातो. 2006 पासून इथे सरकारच्या पुढाकाराने एक मोहीम चालते: लवकर झोपा, लवकर उठा, सकाळी जेवा. शाळेतून येणाऱ्या पत्रकांवर ते वाक्य अधूनमधून छापलेलं असतं. मुलं रिकाम्या पोटी वर्गात येतात हे दिसल्यावर कोणीतरी देशपातळीवर आयांना आणि बापांना सांगायला घेतलं, याचं मला बरं वाटतं.

डबा मात्र नाही. पहिली ते सहावी दुपारचं जेवण शाळेत. ही प्रथा 1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओकाच्या एका देवळातल्या शाळेत सुरू झाली, गरीब मुलांना तिथे भाताचे गोळे आणि खारवलेला मासा मिळायचा. आता महिन्याचा तक्ता घरी येतो आणि फ्रिजवर चिकटतो. दुपारी शाळेत करी असेल तर रात्री घरी करी करायची नाही, एवढंच बघायचं. डब्याच्या जागी दुसरी यादी आहे. जेवणाच्या पिशवीत रोज धुतलेला रुमाल. खिशात दुसरा रुमाल आणि कागदी टिश्यू. पाच पेन्सिली टोक केलेल्या, पहिलीसाठी मऊ शिशाच्या. पाण्याची बाटली. सोमवारी उवाबाकी, म्हणजे शाळेत आत घालायचे पांढरे बूट, शनिवार-रविवारी घासून वाळवलेले. वाढायची पाळी होऊन गेली असेल तर तो पांढरा अंगरखा धुऊन, इस्त्री करून परत द्यायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसरं मूल घालणार असतं. त्या अंगरख्याला मी स्वतःच्या कपड्यांपेक्षा जास्त मन लावून इस्त्री करते. कोणाचं तरी मूल तो घालून वर्गाला सूप वाढणार आहे.

‘वासुरेमोनो’ हा शब्द मी जपानीत शिकलेल्या पहिल्या शंभर शब्दांतला नसेल, पण आई झाल्यावर सगळ्यात जास्त वेळा तोच तोंडी आला. विसरलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. आपण ‘काही राहिलं का?’ विचारतो, इथे ‘वासुरेमोनो आहे का?’ विचारतात. आपल्या प्रश्नात विसरलेल्या वस्तूला वेगळं नाव नाही. इथे तिला नाव आहे, जणू ती कुठेतरी बसून आपली वाट बघते आहे.

जूनच्या शेवटी पोहणं सुरू होतं. शाळेच्या आवारात तलाव असतो आणि प्रत्येक मुलाला एक कार्ड मिळतं. सकाळी ताप मोजायचा, आकडा लिहायचा, पालकाने शिक्का मारायचा. सहीऐवजी इथे घरोघरी आडनावाचा छोटा शिक्का असतो, हांको. एका सकाळी मी ताप मोजला, 36.5 लिहिलं, आणि शिक्का मारायचा राहिला. धाकटा दुपारी घरी आला, पोहण्याची पिशवी कोरडीच. “आई, आज मी बघत होतो,” तो म्हणाला. मराठीत म्हणाला. माझ्याशी तो मराठीतच बोलतो, पण ‘बघत होतो’ हा शब्द त्याने जपानीतून आणला होता. जो पाण्यात उतरत नाही तो काठावर बसून बघतो, त्या बसण्यालाही इथे नाव आहे. तासभर तो उन्हात टोपी घालून बसला होता, आणि त्याच्या आवाजात माझ्याबद्दल जराही राग नव्हता. त्या रात्री मी शिक्क्याला दोरा बांधून फ्रिजला टांगला. तेव्हापासून धाकटाच दोरा ओढून शिक्का माझ्यासमोर धरतो.

ती चूक माझी होती. दुसरी त्याची. ऑक्टोबरात एकदा तो हार्मोनिका दारातच ठेवून गेला. पहिलीतली मुलं इथे पट्ट्यांची हार्मोनिका वाजवतात, नळीने फुंकायचं आणि बोटांनी पट्ट्या दाबायच्या. निळी पेटी दिसली तशी मी ती उचलली, पायात चपला सरकवल्या, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला. “राहू दे.” मी म्हटलं, आत्ताच गेलाय, पळत गेले तर चौकात गाठेन. त्या म्हणाल्या, “तो बाईंना सांगेल, विसरलो म्हणून. सांगायला शिकायचंच आहे त्याला.” मी पेटी हातात धरून तिथेच उभी राहिले. मिरजेत माझी आई विसरलेली वही घेऊन शाळेच्या फाटकाशी घाम पुसत उभी असायची, आणि ते प्रेमच होतं. सासूबाईंचं थांबणं तेवढंच प्रेमाचं आहे हे कळायला मला दुपारपर्यंतचा वेळ लागला. तो आला आणि सांगू लागला की त्याने पुस्तकात छापलेल्या पट्ट्यांवर बोटं फिरवली, सगळं गाणं, एकदाही न चुकता.

पावणेसातनंतरचा अर्धा तास मला कधीच नीट सांगता येत नाही. मी ‘हायाकु’ किती वेळा म्हणते ते मोजलेलं नाही. हायाकु म्हणजे लवकर. लवकर खा, लवकर घाल, लवकर शी करून घे. मराठी आणि जपानी दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात, आणि थोरली आरशासमोर उभी राहून केसांना रबर लावत मला शांतपणे सांगते, “आई, अजून अकरा मिनिटं आहेत.” तिला कोपऱ्यातलं घड्याळ आरशात उलटं वाचता येतं.

एका सकाळी मी धाकट्यावर फार ओरडले. मोजा सापडत नव्हता, एवढंच कारण. तो रडत गेंकानमध्ये गेला. गेंकान म्हणजे दाराच्या आत, घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली असलेली बूट काढायची जागा. सासूबाई उठून तिथे गेल्या, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या, त्याची टोपी सारखी केली आणि काहीतरी बोलून त्याला हसवूनच पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भांडलेलं असलं तरी दारात मिटवायचं. रागाने कोणाला पाठवू नये.” बस्स, एवढंच. पण 11 मार्च 2011 या देशातल्या प्रत्येक घराला आठवतो. तो शुक्रवार होता. भूकंप दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी झाला, मुलं शाळेत असताना. इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेतली 74 मुलं त्सुनामीत गेली. त्या मुलांची सकाळही अशीच झाली असणार. भात, मोजे, दप्तर, लवकर लवकर. सासूबाई ते बोलल्या त्या दिवसापासून मी दारात आवाज चढवलेला नाही. स्वयंपाकघरात चढवते, दारात नाही.

गेंकानमध्ये पाच जोड ओळीने असतात, पुढची टोकं दाराकडे. हे काम रात्रीच होतं, झोपायला जाताना थोरली वाकून सगळ्यांचे बूट फिरवते. सकाळी पाय घातले की माणूस निघालेलाच. धाकट्याचं दप्तर पायरीवर उभं असतं. रान्दोसेरु. नाव डच भाषेतून आलेलं, सैनिकाच्या पाठपिशवीचं. 1885 मध्ये तोक्योच्या गाकुशुइन शाळेने सरदार-दरकदारांच्या मुलांना सांगितलं की घोडागाडीने किंवा रिक्षाने यायचं नाही, नोकराच्या हाती सामान द्यायचं नाही. आपलं ओझं आपण पाठीवर आणायचं. दोन वर्षांनी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांनी युवराजांना शाळाप्रवेशाची भेट म्हणून चामड्याची अशी पिशवी दिली, आणि आजच्या दप्तराची घडण तिच्यावरून आली असं मानतात. किंमत आज सहज पन्नास हजार येनच्या वर जाते. बहुतेक घरांत ते आजी-आजोबा घेतात. आमच्याकडेही सासूबाईंनी घेतलं, एक वर्ष आधी, दुकानात नातवाच्या पाठीवर पाच-सहा चढवून बघून. एकच दप्तर सहा वर्षं वापरायचं. पहिल्या वर्षी त्याच्यावर पिवळं आवरण असतं आणि डोक्यावर पिवळी टोपी, म्हणजे गाडी चालवणाऱ्याला लांबून कळावं की हे मूल नवीन आहे, रस्ता अजून शिकतं आहे. पट्ट्याला गजराची डबी, ओढली की किंचाळते.

मागून पाहिलं की मूल दिसत नाही. पिवळी टोपी, पिवळं आवरण आणि खाली दोन पाय.

सरकारी प्राथमिक शाळेला इथे सहसा बस नसते. शाळा चार किलोमीटरच्या आत असावी असा साधारण दंडक आहे आणि मुलं चालत जातात. आमच्या भागात गल्लीतली मुलं गट करून निघतात. सात वाजून पस्तीस मिनिटांनी छोट्या बागेच्या तोंडाशी जमायचं, पुढे सहावीतलं मूल पिवळा झेंडा घेऊन, मध्ये लहानगे, शेवटी पाचवीतलं. कोणीही आई बरोबर नसते, बापही नसतो. वाटेत काही घरांच्या आणि दुकानांच्या दारावर खूण चिकटवलेली असते, की भीती वाटली तर मुलांनी इथे शिरावं. ती दारं कोणती हे आम्ही मार्चमध्ये, शाळा सुरू होण्याआधी, धाकट्याला हाताला धरून दाखवलं. नाभिकाचं दुकान, तांदळाची पोती विकणारे आजोबा, दाताचा दवाखाना. एप्रिलमध्ये हात सोडला.

तो पहिला दिवस मला अजून पेलत नाही. पायरीवर बसून त्याने बूट घातले, उठला, पाठीवर एवढं ओझं की जरासा मागे झुकला. दाराला हात लावून म्हणाला, “इत्तेकिमास.” जाऊन येतो. आणि माझ्या तोंडून उत्तर येईना.

त्याचं उत्तर ठरलेलं आहे. इत्तेराश्शाई. नवऱ्याला मी ते कित्येक वर्षं म्हणत होते, थोरलीलाही म्हणाले होते, सवयीने, अर्थाकडे न बघता. त्या सकाळी अर्थ समोर आला. त्यात ‘जा’ आहे. मिरजेच्या घरात ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. तोंडातून निघालंच तर आजी हात धरून परत आत घ्यायची आणि ‘येते’ म्हणवून मग सोडायची. निरोप देणाराही ‘ये हं’ एवढंच म्हणायचा. ‘जा’ आम्ही गिळत आलो आहोत, पिढ्यान् पिढ्या, आणि सहा वर्षांच्या मुलाला घराच्या उंबऱ्यात उभं राहून स्वतःच्या तोंडाने ‘जा’ म्हणायचं? सासूबाई मागून म्हणाल्या तेव्हा तो निघाला. मी नुसती मान हलवली.

दिवसभर तो शब्द डोक्यात होता. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, याचा शेवटचा तुकडा नेमका काय? तो म्हणाला, तो आदराचा आहे. ‘ये’ नाही, ‘या’. म्हणजे जाऊन या. घरात दिवसभर ‘अरे’, ‘कार्ट्या’, ‘लवकर’ असं ज्याला म्हणायचं, त्यालाच दारातून बाहेर पडताना आई म्हणते, जाऊन या. जपानी माणसं हे रोज म्हणतात आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नसेल, जसं आपल्याला ‘येते’मध्ये वाटत नाही. मी बाहेरून आलेली आहे म्हणून मला तो ‘या’ ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, पण म्हणाले.

मेमध्ये माझी झेंड्याची पाळी आली. गल्लीतले पालक आळीपाळीने चौकात उभे राहतात, अंगात पिवळं जाकीट, हातात झेंडा. लाल दिव्याला झेंडा आडवा धरायचा, हिरव्याला रस्त्यात थोडं पुढे होऊन गाड्यांपुढे धरायचा. मी सातला घरून निघाले, मुलांचं बाकीचं सासूबाईंनी केलं. थंड सकाळ होती, सायकली जात होत्या, मागच्या घरातून माशाचा वास येत होता. एकेक गट येत गेला. मी वाट बघत होते ती आमच्या गटाची. तो मला बघून हात हलवेल, कदाचित ओळ सोडून पळत येईल, तर काय करायचं हे मी मनात ठरवून ठेवलं होतं.

थोरली पुढे होती. माझ्या हातातल्यासारखाच झेंडा तिच्या हातात. तिने मला पाहिलं, मागे वळून मुलं मोजली, दिवा पाहिला. हिरवा झाला. मी झेंडा धरला, एक ट्रक थांबला. ओळ रस्ता ओलांडू लागली. चौथा माझा मुलगा. माझ्यासमोरून जाताना तो थांबला, कमरेत वाकला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “ओहायो गोझाइमास.”

घरात तो ‘ओहायो’ म्हणतो, अर्धवट, डोळे मिटून. पूर्ण वाक्य परक्या मोठ्या माणसासाठी असतं. मराठीत सांगायचं तर माझ्या सहा वर्षांच्या मुलाने मला अहो-जाहो केलं. मी त्याची आई आहे हे तो विसरला नव्हता, डोळ्यांत ओळख होती. पण तो शाळेच्या वाटेवर होता आणि मी झेंडा धरलेली बाई होते. मीही वाकले. “ओहायो गोझाइमास,” मी म्हणाले, तितकंच पूर्ण. पलीकडे पोचल्यावर सगळी ओळ वळली आणि थांबलेल्या ट्रककडे बघून वाकली. ट्रकवाल्याने आतून मान झुकवली. मग ते वळणावर दिसेनासे झाले, शेवटी पाचवीतल्या मुलाचं काळं दप्तर.

मी चौकात आठपर्यंत उभी होते. घरी आले तेव्हा सासूबाईंची मालिका सुरू झालेली होती. सार्वजनिक वाहिनीवर सोमवार ते शुक्रवार आठ वाजता पंधरा मिनिटांची मालिका लागते, सकाळच्या मालिकेची प्रथा 1961 पासून आहे. त्यांनी न बोलता माझ्यासाठी चहा ओतला. टेबलावर धाकट्याची वाटी होती, नात्तोची तार वाळून चिकटलेली. गेंकानमध्ये त्याच्या घरातल्या सपाता पडल्या होत्या, एक उलटी. मी ती सरळ केली.

हे लिहिते आहे तो फेब्रुवारीतला रविवार आहे. उवाबाकी घासून बाल्कनीत उभे करून ठेवलेत, उन्हं कमी आहेत, पण उद्यापर्यंत वाळतील. एप्रिलमध्ये धाकटा दुसरीत जाईल आणि दप्तरावरचं पिवळं आवरण निघेल. थोरली मोठ्या शाळेत जाईल, ती वाट दुसऱ्या बाजूची आहे आणि तिथे गट नसतो. मार्चमधल्या शेवटच्या दिवशी ती झेंडा पाचवीतल्या मुलाच्या हातात देईल.